एक गाठ माणसाची, दोन गाठी ओझ्याच्या

राजकुमार ट्रेनिंगला निघाला की भागवतच्या दुकानातल्या मोटारी बिघडतात, असं पिंपळगाव राजात लोक गमतीनं म्हणतात. ते अगदीच खोटं नाही. भागवत पाण्याच्या मोटारी रिवाइंड करतो. जुनी करपलेली तार उपसायची, खाचा साफ करायच्या आणि तांब्याच्या नव्या तारेचे वेढे मोजून मोजून भरायचे. मन थाऱ्यावर नसलं की वेढे चुकतात. राजकुमार पाठीला काळी बॅग लावून खामगावच्या एसटीत चढतो, त्या आठवड्यात भागवतचे वेढे हमखास चुकतात. मग तो भरलेली तार पुन्हा उपसतो आणि दुकानाबाहेर ताटकळलेल्या गिऱ्हाइकावर खेकसतो, "उद्या ये म्हनलं ना! मोटार आहे ते, भजं नाही, घातलं का निघालं!"

राजकुमार त्याच्याच गल्लीतला, त्याच्याच वर्गातला. पंधरा वर्षं नेव्हीत नोकरी करून तो गावी परतला, घरची कपाशी-सोयाबीन पाहू लागला. पण नेव्हीनं त्याला पुरतं सोडलं नव्हतं. त्याचं नाव राखीव नाविकांत होतं. अधूनमधून बोलावणं यायचं. काही आठवडे जायचं, हात विसरले असतील तर पुन्हा बसवून घ्यायचे, नवीन काही असेल ते शिकायचं, पडेल ते काम करायचं आणि परत येऊन निंदणाला मजूर बायका शोधायच्या. समुद्र इथून दिवसभराच्या रेल्वेप्रवासाइतका लांब. गावातल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलेलाही नाही. तरी गावात राजकुमारला सगळे 'नेव्हीवाले' म्हणत आणि भागवतला 'मोटारवाला'. दोन्ही शब्दांना 'वाला'च लागतो, पण भागवतच्या कानाला त्यातलं अंतर रोज टोचायचं.

कारण ती जागा आपली होती, असं तो गेली वीस वर्षं सांगत आला होता.

भरतीला दोघं एकाच एसटीनं गेले होते. पळण्यात भागवत पुढे, पोहण्यात तर राजकुमार त्याच्या जवळपासही नव्हता. परतल्यावर भागवतनं गावात सांगितलं, "माहं नाव लागलं होतं. बापानं जाऊ देलं नाही. एकुलता एक, मंग काय करतो? म्या सोडली तव्हा राजाचा नंबर लागला." वडील अबोल माणूस. ते कधी हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. पुढे ते गेले आणि गोष्ट पक्की झाली.

खरं काय ते त्याच्या बायकोला, कोकिळेला माहीत होतं. लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला त्यानं तिच्यासाठी 'लाल' म्हणून हिरवी साडी आणली होती, तेव्हापासून. भरतीच्या डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं होतं. ठिपक्यांत आकडे लपलेले असतात. बाकीची पोरं धडाधड आकडे वाचत होती. भागवतला पहिल्या पानावर आकडा दिसला आणि पुढे नुसते ठिपकेच ठिपके. त्याला लाल आणि हिरवा एकच दिसतो, मातकट. डॉक्टरांनी पुस्तक मिटलं आणि पुढच्याला हाक मारली.

त्यानंतर तो मलकापूरला दयाराम मिस्त्रीच्या हाताखाली मोटारीचं काम शिकला. रंग न दिसणारा माणूस विजेच्या कामात! मोटारीत लाल तार जिवंत आणि हिरवी जमिनीची, म्हणजे अर्थिंगची. दोन्हींची अदलाबदल झाली तर मोटारीच्या लोखंडातच करंट उतरतो आणि ओल्या हातानं शिवणारा जागेवर आडवा होतो. म्हणून भागवत मोटार उघडली की आधी मीटर लावायचा, कोणती तार कोणती ते ठरवायचा आणि प्रत्येकीला दोऱ्याची गाठ मारून ठेवायचा. जिवंत तारेला एक गाठ, जमिनीच्या तारेला दोन. गिऱ्हाइकांना वाटायचं, ही त्याची लकब. त्याच्या हातून कधी चूक झाली नव्हती. पण गावाला कळलं असतं तर कुणी त्याच्या दुकानात मोटार टाकली असती?

एवढं सगळं पोटात ठेवून तो रोज सकाळी स्टँडवरच्या हॉटेलात राजकुमारच्या समोर बसायचा.

राजकुमार सांगण्यात वाकबगार. एकदा तो आगीचं ट्रेनिंग करून आला. "लोखंडाच्या खोलीत खरी आग लावतात," तो सांगत होता. "धुरात सोताचा हात दिसत नाही. भिंत चाचपाची तं उलट्या हातानं. चटका बसला की हात आपोआप मागं येते. सुलट्या हातानं उघडी तार धरसान तं धरूनच बसान."

"भेव नाही लागत राजाभाऊ?" कुणीतरी विचारलं.

"लागते ना. भेव लागलंच पायजे, म्हनतात साहेब. ज्याले लागत नाही त्याले भायेर काढतात."

भागवत चहात बिस्कीट बुडवत म्हणाला, "आमच्या घरी चुलीपाशी रोजच होते हे ट्रेनिंग. सरकार पैसे देत नाही, एवढंच."

लोक हसले. पण घरी जाताना त्यानं बोळात, कुणी नाही असं पाहून, उलट्या हातानं भिंत चाचपून पाहिली.

पुढच्या खेपेला राजकुमार पाणी अडवायला शिकून आला. जहाजासारख्या खोलीत पाणी सोडतात, ते छातीपर्यंत चढतं आणि तेवढ्यात भोकात लाकडी पाचर ठोकायची, वर गादी दाबायची, गादीला फळीचा टेकू द्यायचा. भागवतला रात्रभर पाचरा दिसल्या. आपण असतो तर फळी कशी धरली असती, हे तो मनातल्या मनात ठरवत राहिला. एका वर्षी मात्र राजकुमारला भंडारघरात लावलं, तीन आठवडे डाळ-तांदळाची पोती उतरवायला आणि रचायला. तेव्हा भागवत फार खूश होता. "काय राजा, तूरडाळ बुडत होती का बे? वाचवली का?" असं त्यानं भर बाजारात विचारलं. राजकुमारही हसला. "दीड हजार लोकाइचा सैपाक असते गड्या. डाळ बुडली तं जहाज बुडल्यासारखंच." त्याला राग येत नाही, याचाच भागवतला जास्त राग यायचा.

राजकुमार त्याचं सगळं ऐकून घ्यायचा. टोमणा मारला तरी चहाचे पैसे तोच द्यायचा.

एक गोष्ट मात्र गावात भागवतचीच होती, ती म्हणजे विहीर. कुणाची मोटार पाण्यात पडली, वासरू पडलं, कधी माणूस पडला की गाव धावायचं ते भागवतकडे. तो शर्ट काढायचा, दोर कमरेला बांधायचा आणि उतरायचा. श्वास एवढा धरायचा की काठावरच्या बायका देवाचं नाव घ्यायला लागायच्या. त्या वेळी काठावर राजकुमार असो की तहसीलदार, सगळे वाकून भागवतकडे बघत.

मग तहसीलमधून सांगून आलं की धरणाखालच्या गावांनी आपापलं बचाव पथक तयार ठेवावं. शिकवणार कोण, हे विचारायचीही गरज पडली नाही. राजकुमारनं पंजाबरावांच्या मळ्यातली विहीर निवडली, पोरं गोळा केली आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "आजपासून बिनाजाकिटाचं कोनीच विहिरीत उतरनार नाही. नुसता दोर कमरेले बांधून तं बिल्कुलच नाही. आजलोक कोनी मेलं नाही, हे आपलं नशीब."

सगळ्यांनी भागवतकडे पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

पंजाबराव विहिरीचे मालक, म्हातारे, कुणाचीही भीड न ठेवणारे. ते म्हणाले, "भागवत्या, गेली लेका तुही विहीर."

राजकुमारला ते बरं वाटलं नसावं. तो लगेच म्हणाला, "दोराचा म्होरक्या भागवतच राहीन. वरचा मानूस चुकला तं खालचा गेला. मले वर भरवशाचा मानूस पायजे."

हे भागवतला उपकारासारखं लागलं. पण तो नाही म्हणाला नाही.

राजकुमारनं खामगावहून दोन नायलॉनचे दोर आणले होते. लाल दोर माणसाचा, हिरवा ओझ्याचा. भागवतनं ते घरी नेले, अंगणात उन्हात पसरले आणि कोकिळेला हळूच विचारलं, "लाल कोनता?"

"हा. जरा गडद आहे तो."

"गडद तो लाल. फिका तो हिरवा." त्यानं दोनदा घोकलं.

"सांगून काऊन नाही टाकत त्याइले?" कोकिळा म्हणाली. "मी बाप्पा तुमच्या जागी असती तं सांगतलं असतं."

"अन् मंग मोटारी काय तू भरशील?"

तालमीच्या दिवशी अर्धं गाव विहिरीवर जमलं. सरावाला एक पोतं वाळूनं भरून पाण्यात सोडलं होतं, बुडालेल्या माणसाच्या जागी. राजकुमारनं बुडी मारून त्याला हिरवा दोर बांधायचा, वर यायचं, जाकीट फुगवायचं, शिट्टी वाजवायची. आधी लाल दोर ओढून राजकुमारला बाजूच्या कट्ट्यावर घ्यायचं आणि तो बाजूला झाला की मगच हिरवा ओढून पोतं. सकाळी एकदा सगळं नीट झालं. भागवत 'ओढा' म्हणाला, पोरांनी ओढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या राजकुमारसाठी.

"आता पुन्हा एकदा, घाईत," राजकुमार म्हणाला. "खऱ्या वक्ती कोनी आरामानं बुडत नसते." जाता जाता त्यानं पोरांना सांगितलं, "मले पुढच्या महिन्यात बोलावनं आहे. या खेपेले काठावर नाही, जहाजावर. नोकरी सोडल्यापासून पहिल्यांदा दर्यात जाऊन राह्यलो. तव्हालोक तुमचं पक्कं झालं पायजे."

जहाजावर!

राजकुमार उतरला, बुडी मारली, पोतं बांधलं, वर आला. फुगवलेल्या नारिंगी जाकिटात तो पाण्यावर बुचासारखा तरंगत होता आणि हसत होता. शिट्टी वाजली.

भागवतनं खाली पाहिलं. त्याच्या पायाशी दोन दोर होते. दोन्ही ओले, दोन्ही चिखलानं माखलेले. कोरडे असताना एक गडद होता आणि एक फिका. आता दोन्ही गडद होते.

शेजारी कुलदीप उभा होता, पथकातला तरणा पोरगा. त्याला एक शब्द विचारायचा होता, 'लाल कोणता?' एवढाच. पण समोर अर्धं गाव उभं. शिट्टी पुन्हा वाजली. भागवतनं एक दोर उचलला आणि ओरडला, "ओढा!" मागच्या पोरांनी रंग न बघता हात घातले.

ओझं जड लागलं तेव्हाच त्याला कळायला हवं होतं. पण त्यानं उलट जोर वाढवला. खाली पाण्यातून पोतं उसळून वर आलं, दोरावर झोकांडलं, विहिरीच्या भिंतीला आपटलं आणि परत येताना राजकुमारच्या खांद्यावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज वरपर्यंत आला.

खामगावच्या दवाखान्यात प्लास्टर झालं. जहाजाचं बोलावणं हुकलं.

गावानं निकाल द्यायला वेळ लावला नाही. "येक दोर लाल, येक हिरवा. आंधळ्यालेही समजते," हॉटेलात कुणीतरी म्हणालं. "भागवत्यानं मुद्दाम केलं. वीस वर्षांपासून पाण्यात पाह्यते तो राजाले." पंजाबराव सरळ दुकानाच्या दारात येऊन म्हणाले, "पथकात येऊ नको आता. राजाचं नशीब, खांद्यावर निभावलं. डोक्यात बसलं असतं म्हंजे?"

बोलायचं तरी काय? डोळ्याची गोष्ट सांगितली तर दुकान जातं, नाही सांगितली तर माणूस म्हणून गावात तोंड दाखवायची सोय उरत नाही. आणि त्याहून वाईट एक गोष्ट होती. दोर डोळ्यांनी चुकीचा उचलला, हे खरं. पण जोर? तो हातांनी लावला होता आणि हातांना कुठला आजार नव्हता.

चार दिवस त्यानं एकही मोटार उघडली नाही. पाचव्या दिवशी कोकिळा म्हणाली, "जाऊन या त्याइच्या घरी. नाही तं मी जाते अन् सांगते."

तो गेला. राजकुमार ओसरीवर खाटेवर बसला होता, हात गळ्यात. अंगणात त्याची बायको पुष्पांजली मळ्यातून तोडून आणलेल्या मिरच्यांचा ढीग निवडत होती, पिकलेल्या लाल वाळवायला वेगळ्या, हिरव्या बाजाराला वेगळ्या.

राजकुमारनं 'ये' म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "मुद्दाम ओढला का बे?"

"मले लाल अन् हिरवं येकच दिसते."

"हे आता नवीन काढलं का?"

भागवत अंगणात उतरला, ढिगापाशी बसला आणि लाल मिरच्या निवडून रिकाम्या टोपलीत टाकू लागला. हात झरझर चालत होते, मोटारीवर चालतात तसे. पुष्पांजलीचं त्यांच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काय हो भावजी, मदत करता का खोडी? निम्म्या हिरव्या टाकल्या न तुम्ही यात!"

राजकुमार खाटेवरून उठला. चांगल्या हातानं त्यानं टोपली आपल्याकडे वळवली आणि बराच वेळ तीत बघत राहिला.

"मंग भरतीच्या वक्ती?" त्यानं विचारलं.

"ठिपक्याचं पुस्तक होतं. मले काहीच दिसलं नाही. डॉक्टरनं भायेर काढलं."

"अन् तुह्या बापानं अडवलं, ते?"

"बापानं कधीच अडवलं नाही."

भागवतला वाटलं, आता हा हसेल. किंवा पाठीवर थाप मारून मोठेपणानं सोडून देईल. तसं काही झालं नाही. राजकुमारचा चेहरा एवढा लाल झाला असेल की तो भागवतलाही वेगळा दिसला.

"वीस वर्षं!" तो ओरडला. "वीस वर्षं मले वाटलं, म्या तुह्या जागेवर नोकरी केली. सुट्टीत आलो की तुह्यासमोर ड्रेस घालत नव्हतो म्या. तुह्ये टोमने ऐकले, वरून तुले चहा पाजला. तुह्या बापाच्या मातीले आलो तं मनात म्हनलं, याच्या पोराचं घेतलं आपन. खांद्याचं काही नाही बे, हाड जुडते. हे कोन भरून देईन?"

पुष्पांजली टोपली उचलून आत निघून गेली.

"गावात सांगशील?" भागवतनं विचारलं.

"मी काऊन सांगू? तुही गोष्ट तू बनवली, तूच मोड. अन् नाही मोडली तं दोराले पुन्हा हात लावू नको. मले वर कोन उभं आहे हे माहीत पायजे. त्याले काय दिसते अन् काय दिसत नाही, तेही माहीत पायजे. आम्हाले हेच शिकवतात. बाकी आग-पानी मंगचं."

पुढच्या रविवारी पथक विहिरीवर जमलं. भागवत न बोलावता गेला. तो कठड्यापाशी उभा राहिला आणि त्यानं सांगितलं. डोळ्यांचं, पुस्तकाचं, बापाचं. वाक्यं धड जुळत नव्हती, पण सगळी निघाली.

मग कुलदीप म्हणाला, "मंग काका, माह्या लाल गाडीले तुम्ही इतके दिवस काय समजत होते?"

"गाडीच समजत होतो. आवाजावरून तं ट्रॅक्टर वाटते."

हसू फुटलं. पंजाबराव हसले नाहीत. "सहा वर्षं झाली, तुह्या हातची मोटार चालून राह्यली माह्या विहिरीवर," ते म्हणाले. "येक डाव झटका देला नाही. पन मी आज टेस्टर लावून पाह्यनार, सांगून ठेवतो."

"लावा. मीही येतो."

मोटारीच्या लोखंडाला लावलेला टेस्टर पेटला नाही. तरी दोन गिऱ्हाइकं मलकापूरला गेली. एक पुढे परत आलं, दुसरं आलं नाही. दुकान चाललं, पण आता गिऱ्हाईक मोटार नेताना एकदा तरी विचारायचंच, "पक्कं पाह्यलं ना भागवतभाऊ?" ते ऐकून घ्यायची सवय लावावी लागली.

दोरांचा प्रश्न उरला होता. भागवतनं आपली दुकानातली पद्धत दाखवली. माणसाच्या दोराला हाताच्या अंतरावर एक गाठ, ओझ्याच्या दोराला जोडीनं दोन. बघायची गरज नाही, मुठीत आलं की कळतं. राजकुमारनं डोळे मिटून दोन्ही दोर हातातून सोडून पाहिले. मग दोन गाठी जरा जवळ घेतल्या. त्या दिवसापासून तो भागवतशी बोलायला लागला, पण चहाचे पैसे द्यायचं मात्र त्यानं बंद केलं.

हाड जुळलं, वर्ष उलटलं आणि जहाजाचं बोलावणं पुन्हा आलं. राजकुमार काळी बॅग लावून एसटीत चढला. भागवतचे वेढे चुकले.

परतल्यावर तो हॉटेलात सांगत होता. भागवत नेहमीच्या बाकावर होता. "धुराच्या खोलीत अंधारात दोर वळखाचे होते. म्या आपल्या गाठी मारल्या. साहेबानं पाह्यलं, म्हने, हे कुठं शिकला? मंग साऱ्या तुकडीले मारायले लावल्या. जहाज डोलून राह्यलं, खाली इंजिन धडधडते, अन् सगळे आपले गाठी चाचपून राह्यले."

"वा राजाभाऊ! आयडिया तुही भारी," कुणीतरी म्हणालं.

"माही नाही. भागवतची. तिथंही हेच सांगतलं म्या." त्यानं बॅगेतून दोराचा वीतभर तुकडा काढला आणि भागवतपुढे टाकला. दोन गाठी, अगदी जवळ जवळ. "हे घे. तुह्या गाठी आहेत."

सगळे भागवतकडे बघत होते. त्यानं तुकडा उलटसुलट केला. "येवढाच आनला? नेव्हीत दोराची टंचाई पडली का बे?" तो म्हणाला, आणि त्या दिवशीच्या चहाचे पैसे त्यानं दिले.

दुकानात येऊन त्यानं दार अर्धं लोटलं. दोर कडक झाला होता, त्यावर पांढरी भुकटी धरली होती. त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि गाठ जिभेला लावली. खारट होती.

एवढ्या वर्षांत राजकुमारवर तो जळला, तसाच त्या क्षणी तो त्या दोन गाठींवर जळला. त्याच्याच बोटांच्या गाठी, त्याच्याच भीतीतून सुचलेल्या. त्या जाऊन आल्या होत्या. जहाज कसं डोलतं हे त्यांना ठाऊक होतं आणि त्या त्याला काही सांगणार नव्हत्या.

त्यानं तुकडा मीटरच्या खोक्यात ठेवला, पंजाबरावांची मोटार पुढे ओढली आणि वेढे भरायला बसला. सतराव्या की अठराव्या वेढ्यावर आकडा सुटला. शिवी हासडून त्यानं सगळी तार पुन्हा उपसली.